एक हात मोकळा होता

इस्त्री डॉक्टरकीच्या पांढऱ्या ॲप्रनच्या खिशावरच थांबली होती. कापड करपल्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला तेव्हा चंद्रप्रभाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी लेकीच्या हातातून इस्त्री काढून घेतली. खिशावर तांबूस डाग उमटला होता.

"लक्ष कुठंय गं, मनू?"

"हो," मनस्विनी म्हणाली.

चंद्रप्रभाबाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. पोरगी परदेशातून घरी येऊन महिना होत आला होता आणि कुठल्याही प्रश्नाला तिचं हेच उत्तर होतं. चहा घेतेस का दूध? हो. आत निजतेस का इथं? हो. पहिल्या आठवड्यात त्यांना वाटलं, प्रवासाचा शीण असेल. नंतर त्यांनी विचारणंच सोडलं. ताट वाढून समोर ठेवायच्या, अंथरूण घालून द्यायच्या, आणि ती दिवसाढवळ्या भिंतीकडे तोंड करून झोपली की दाराशी उभ्या राहून तिचा श्वास ऐकायच्या.

मनूचे वडील, श्रीनाथ सर, बूट घालत होते. त्यांनी डागाकडे पाहिलं.

"राहू दे, कुणाला दिसतोय. मुरुडची मंडळी आहेत, मुलीला तिकडं डॉक्टरकीला पाठवायचं म्हणतायत. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वडील नाहीत मुलीला. त्यांना फक्त तुला बघायचंय, मनू. बोलायचं ते मी बोलतो. अर्धा तास बसायचं आपलं."

"हो."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

लातूरच्या क्लासमध्ये त्यांनी वीसेक वर्षं फिजिक्स शिकवलं होतं. मेडिकलचा प्रवेश थोडक्यात हुकलेली मुलं दर जूनमध्ये त्यांच्यासमोर येऊन रडायची. दोनदा परीक्षा देऊन मनस्विनी हुकली तेव्हा ती रडलीसुद्धा नाही, नुसती गॅलरीत बसून राहिली. त्या वर्षी सरांनी परदेशातल्या कॉलेजांची माहिती काढली, तिला किर्गिझस्तानला डॉक्टरकीला पाठवलं, आणि पुढच्याच वर्षी क्लास सोडून ट्यूशन एरियात स्वतःचं मार्गदर्शन केंद्र उघडलं. समोर बसलेल्या आईबापांना ते सांगायचे, "मी आधी माझी मुलगी पाठवली, मग दुसऱ्यांची." ते खरंच होतं. ऐकून आईबापांचे खांदे सैल पडायचे.

डिसेंबरात तिच्या खोलीतल्या मुलींचा फोन आला, काका, मनू उठत नाहीये. सरांनी तिकीट पाठवलं आणि तिला आणायला ते स्वतः दिल्लीला गेले. येताना आगगाडीत ती वरच्या बर्थवर पडून होती. काय झालं, असं त्यांनी तिला विचारलं नाही. विचारलं तर काहीतरी ऐकावं लागलं असतं. लोकांना त्यांनी सांगितलं, हिवाळ्याची सुट्टी आहे. हळूहळू त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. खाईल, झोपेल, फेब्रुवारीत परत जाईल.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली झेरॉक्सचं दुकान, पहिल्या मजल्यावर मुलींची अभ्यासिका. जिन्यात चपलांचा ढीग पडलेला असायचा. मनस्विनी ॲप्रन घालून वडिलांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. समोर मायलेकी बसल्या होत्या. आई, चांगुणाबाई, चाळिशी ओलांडलेल्या, नीट पिनअप केलेली सुती साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मुलगी मनिषा ॲप्रनकडे बघत होती. तिची नजर खिशावरच्या डागावर गेली नाही, कॉलेजच्या बोधचिन्हावर गेली आणि तिथंच राहिली.

सर बोलत होते. वसतिगृह मुलींचं वेगळं, महाराष्ट्रीय जेवणाची मेस, शिक्षण सगळं इंग्रजीत. थंडी असते, पण खोलीत हीटर. आपल्याकडची पन्नासेक मुलं तिथं आहेत, एकटं वाटायचं कारण नाही.

मनस्विनी मान हलवत होती. यातलं काहीच खोटं नव्हतं. मेसमध्ये वरण मिळायचं. हीटर होता. मुलं होती, आणि सगळी आपापल्या खोलीत फोनवर घरच्यांना 'छान चाललंय' म्हणून सांगायची. तिथं हिवाळ्यात दुपारीच अंधारून यायचं. दुकानात पाव मागताना उच्चार चुकला की बाई भुवया आक्रसायची. 'कळलं नाही' असं दिवसातून किती वेळा म्हणणार? म्हटलं की समोरचा तेच पुन्हा मोठ्यानं बोलायचा, जणू तिला ऐकू येत नाही. मान हलवली की सुटका व्हायची. बसमध्ये, बाजारात, वर्गात, वॉर्डात ती मान हलवायला शिकली. दुसऱ्या वर्षापर्यंत तर ते इतकं अंगवळणी पडलं की मराठीतही तिला कुणी काय विचारलं हे ऐकण्याआधीच मान हललेली असायची.

"एक विचारू का, सर?" चांगुणाबाई म्हणाल्या. "तिथल्या पेशंटशी ह्या पोरी बोलतात कशा?"

"छान प्रश्न. पहिल्या वर्षापासून रशियन शिकवतात. परीक्षा असते त्याची." सर मुलीकडे वळले. "मनू, एक वाक्य बोलून दाखव त्यांना."

"ग्द्ये बालीत?" मनस्विनी म्हणाली.

"म्हणजे?" मनिषा पुढे सरकली.

"कुठं दुखतंय."

मनिषाने ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, ग्द्ये बालीत, आणि हसली. सरही हसले. चांगुणाबाई मात्र मनस्विनीकडेच बघत होत्या.

"अन् मंग ते काय म्हणतात?"

नेमका सरांचा फोन वाजला. कंधारहून एक कुटुंब आलं होतं, त्यांना पत्ता सापडत नव्हता, ते भलत्याच चौकात उभे होते. सरांनी दोनदा रस्ता समजावला, मग कंटाळून गाडीची किल्ली उचलली.

"हलू नका तिथनं, मी येतो घ्यायला. मॅडम, आलोच मी. तोवर ह्या दोघी बोलतील की, पोरी-पोरी."

बुटांचा आवाज जिन्याने खाली गेला. अभ्यासिकेत कुणीतरी खुर्ची ओढली.

"मला कळत नाही," मनस्विनी म्हणाली.

"काय, बाळा?"

"ते काय म्हणतात ते. तुम्ही विचारलंत ना." तिने दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले. "कुठं दुखतंय, एवढं मला विचारता येतं. ते सांगतात ते कळत नाही. शहरातले लोक रशियन बोलतात, थोडं थोडं कळतं. डोंगरातल्या गावांतून येतात ते त्यांच्या भाषेत बोलतात. किर्गिझ. ती आम्हाला कुणी शिकवत नाही. मोठे डॉक्टर बोलतात, आम्ही मागं उभं राहून लिहून घेतो."

मनिषाचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं; ते कुठं ठेवावं हे तिला कळेना.

"एक म्हातारी होती," मनस्विनी म्हणाली. ती थांबली. दाराकडे बघितलं. मग सांगू लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना.

तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड होता. संध्याकाळची वेळ, बरोबरची मुलं खाली गेली होती. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली, हाडं मोठी, गालांवर लाल चट्टे. मनस्विनी तिचा रक्तदाब लिहून घेत होती. म्हातारीने तिचं मनगट धरलं. 'किझिम,' ती म्हणाली. तो शब्द मनस्विनीला ठाऊक होता. दुकानातल्या म्हाताऱ्या बायकाही म्हणायच्या, किझिम, म्हणजे पोरी. तेवढा एकच प्रेमाचा शब्द तिला त्या भाषेतला यायचा. तिला बरं वाटलं. म्हातारी पुढे बोलत राहिली, सावकाश, मधेच थांबून, धाप लागायची म्हणून. पुन्हा किझिम. पुन्हा तोच एक शब्द, 'इल्दीदा'. ती काहीतरी मागत होती, एवढं दिसत होतं. मनस्विनी 'हो' म्हणाली. म्हातारीने विचारलं, खरं ना? म्हणजे तसंच काहीसं विचारलं असावं. मनस्विनी पुन्हा 'हो' म्हणाली, आणि मान हलवली.

"तिनं माझा हात सोडला. माझ्या गालाला हात लावला. उशीला टेकून बसली, आणि दाराकडे बघत राहिली. इतकी निवांत दिसत होती, मावशी. मी निघाले तेव्हा पण दाराकडेच बघत होती. सकाळी गेले तर खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली."

"काय म्हणत होती ती?" मनिषाने विचारलं.

"माहीत नाही."

"कुणाला विचारलं नाही तुम्ही?"

"नाही. एकदा फोनमध्ये टाकून बघितला होता तो शब्द. अर्थ यायच्या आत पुसून टाकला." तिने खिशातून हात काढून मांडीवर ठेवले. "त्यानंतर वॉर्डात गेले नाही. मग वर्गात पण नाही. मग उठावंसंच वाटेना."

चांगुणाबाईंनी पर्स उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली. नंतर तिथूनही उचलून खाली जमिनीवर ठेवली. त्या बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज शाळेतल्या बाईंचा राहिला नव्हता.

"आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं. माझे वडील तालुक्याला हापिसात शिपाई होते. आमच्या वस्तीत समद्यांची घरं कुडाची. वडिलांनी हौसेनं दगडाचं बांधलं, वर मातीचं जाड धाबं. पाटलाच्या घरावानी घर बांधलं म्हणून गावात लई बोलले लोक. आईला लई अभिमान होता त्या घराचा. भूकंप झाला त्या राती गणपती बुडवून गाव नुकतंच निजलं होतं. वस्तीतली कुडाची घरं तशीच उभी राहिली. आमचं तेवढं बसलं."

मनिषाने आईकडे पाहिलं. भूकंपात आजी-आजोबा गेले एवढं तिला माहीत होतं. घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा एकच जुना फोटो होता. यापलीकडे आई कधी बोलली नव्हती.

"मी बारा वर्षांची. छातीपातुर दगडात. तोंड तेवढं उघडं, अन् ह्यो उजवा हात. आनंदराज माझ्या पायाशी होता. माझा भाऊ. चार वर्षांचा. त्यानं माझ्या पायाचा अंगठा धरला होता. मी म्हणायची, आनंदा, हायेस का रं? तर त्यो अंगठा दाबायचा. बोलत न्हवता. अंगठा तेवढा दाबायचा. दिवसभर तसंच. रातीला बी."

"आई," मनिषा म्हणाली.

"दुसऱ्या दिवशी मिलटरीचे जवान आले. एक जण माझ्यापाशी बसला. खालच्या, मद्रासकडच्या मुलखातला असंल, काळासावळा, मिशा लहान. त्याला मराठी येईना अन् हिंदी बी धड येईना. मी म्हणलं, सायेब, पायाशी माझा भाऊ हाय, जित्ता हाय, आधी त्याला काढा. त्यो म्हणला, हां हां. मी परत म्हणलं. परत हां हां. बाटलीत व्हतं तेवढं समदं पाणी पाजलं त्यानं मला. रुमालानं माझं तोंड पुसलं. मला वाटलं, कळलं ह्याला. म्हणून मी गप झाले."

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला होता, पंजा उताणा. त्याकडे त्या बघत नव्हत्या.

"मंग मला वढून काढलं. मला वढलं तसे वरचे दगड समदे खाली बसले. मी वरडायला लागले. त्याला वाटलं, दुखतंय म्हणून वरडतीय. खांद्यावर टाकून पळत सुटला टरककडं. पळताना माझ्या पाठीवर थापट्या मारत व्हता. त्यो बी रडत व्हता."

खाली रस्त्यावर कुठल्याशा क्लासची जाहिरात करत रिक्षा गेली. गुणवंतांची नावं, टक्के, प्रवेश चालू.

"मला मामा होता?" मनिषाने विचारलं.

"होता."

मनस्विनी पुढे झुकली. "मावशी, तुम्हाला त्याचा राग येतो?"

चांगुणाबाईंना प्रश्न नवा नसावा. फक्त दुसऱ्या कुणी विचारलेला पहिल्यांदाच ऐकत असाव्यात.

"राग कशाचा? त्यानं मला काढलं. हातानं दगड उपसून काढलं, बोटं फुटली होती त्याची. पर एक वाटतं. 'मला कळंना' असं त्यो एकदा जरी म्हणला असता, नुसती मान जरी आडवी हलवली असती, तर मी दाखवलं असतं की. ह्यो एक हात मोकळा होता माझा."

जिन्यात पावलं वाजली. सरांचा आवाज आधी वर आला, मग सर, त्यांच्यामागे कंधारचे नवरा-बायको आणि चष्मेवाला एक मुलगा. खोलीत एकदम गर्दी झाली. चांगुणाबाईंनी खाली वाकून पर्स उचलली आणि उभ्या राहिल्या.

"काय मॅडम, झालं का समाधान?"

"विचार करून कळवते, सर."

"अवश्य. घाई नाही. पण सीटा भरत चालल्यात, एवढं लक्षात असू द्या." सर खुर्च्या लावू लागले. "बसा, बसा तुम्ही. मनू, ह्यांना खालपर्यंत सोडून ये आणि लगेच वर ये. ह्यांच्याशी पण दोन शब्द बोलायचेत."

"हो."

जिना अरुंद होता. चांगुणाबाई कठड्याला धरून उतरत होत्या, मागे मनिषा, तिच्यामागे मनस्विनी. पहिल्या मजल्यावर चपलांच्या ढिगापाशी चांगुणाबाई थांबल्या.

"सरांना ठाव हाय का हे?"

मनस्विनीने मान आडवी हलवली.

चांगुणाबाई पुढच्या पायऱ्या उतरू लागल्या. खाली उतरल्यावर झेरॉक्सच्या दुकानापाशी उन्हात उभ्या राहून त्यांनी साडीच्या निऱ्या नीट केल्या.

"तुम्ही त्या जवानाला कधी शोधलं नाही?" मनस्विनीने विचारलं.

"कुठं शोधणार? अन् कशाला? त्याला कळू न्हाई ते. घरी जाऊन सांगितलं असंल त्यानं, एक पोरगी वाचवली म्हणून. अजून सांगत असंल नातवंडाला. ऱ्हाऊ द्या त्याच्यापाशी तेवढं." त्या क्षणभर थांबल्या. "मला म्हाईत हाय तेवढं बास हाय. दोघांनी कशाला?"

मनिषा मनस्विनीच्या जवळ सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, मी आले तर तुम्ही असाल ना तिथं?"

हो, हे मनस्विनीच्या जिभेवर आलं. तिने ते गिळलं. मनिषा वाट बघत राहिली. आईने दंडाला धरून ओढलं, "चल, गाडी जाईल," आणि दोघी रस्ता ओलांडून गर्दीत मिसळल्या. पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं-पोरी एका क्लासमधून दुसऱ्या क्लासकडे चालली होती, रस्ताभर, आणि त्यांत मनिषाची वेणी थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली.

मनस्विनी वर गेली नाही. जिन्याच्या तोंडाशी, भिंतीला टेकून ती उभी राहिली. तिने फोन काढला. जिबेकचे न उचललेले कॉल खाली खाली जात संपत नव्हते. जिबेक तिच्याच वर्गातली, तिथलीच मुलगी. डिसेंबरात दोनदा दार वाजवून, दाराबाहेर रश्शाचं भांडं ठेवून गेली होती. ते भांडं मनस्विनीने आत घेतलं नव्हतं.

तो जवान कुठंतरी आहे. म्हातारा झाला असेल. त्याला माहीत नाही, आणि ज्या बाईने माफ करायचं, तिने त्याच्या वाटचं सगळं स्वतःकडे ठेवून घेतलं आहे. पण वॉर्डातली ती म्हातारी असं काही ठेवून घ्यायला उरलेली नाही. मग आपल्या वाटचं ते कुणाकडे आहे?

तिने नंबर लावला. पहिल्याच रिंगला जिबेकने उचलला.

"मनू? तू आहेस? बरी आहेस?" तोडकीमोडकी इंग्रजी, मागे ट्रॉलीचा खडखडाट. ती वॉर्डातच होती.

"जिबेक, एक शब्द विचारायचाय. इल्दीदा. इल्दीदा म्हणजे काय?"

"कुणी म्हटलं तुला?"

"सांग ना."

"खाली. म्हणजे जिन्याच्या खाली, खालच्या मजल्यावर."

"पूर्ण वाक्य होतं. आधी किझिम म्हणाली. मला हाक मारली, पोरी म्हणून, आणि मग म्हणाली इल्दीदा."

ट्रॉलीचा आवाज लांब गेला.

"किझिम इल्दीदा," तिने तिच्या भाषेत सावकाश म्हणून पाहिलं. "मनू, ती तुला हाक मारत नव्हती. किझिम म्हणजे पोरी, आणि माझी पोरगी पण. माझी पोरगी खाली आहे. असं म्हणत होती ती. पुढे काय म्हणाली? बोलाव म्हणाली का? आमच्याकडे संध्याकाळी नातेवाइकांना वर सोडत नाहीत, खालीच बसवतात. कुणीतरी जाऊन सांगावं लागतं. मनू? ऐकतेस ना?"

मनस्विनी ऐकत होती.

त्या संध्याकाळी ती हॉस्पिटलचाही असाच जिना उतरून खाली आली होती. दाराजवळच्या बाकावर एक बाई बसली होती. तपकिरी कोट, पायांत रबरी बूट, मांडीवर पंच्यात बांधलेलं भांडं. पांढऱ्या ॲप्रनमधली मुलगी वरून आलेली बघून ती घाईने उभी राहिली, भांडं पोटाशी धरून. काहीतरी विचारलं. मनस्विनीला बस पकडायची होती. तिने त्या बाईकडे बघून हसून मान हलवली, हो. बाईचा चेहरा उजळला. ती पुन्हा बाकावर बसली, भांडं मांडीवर नीट ठेवलं, वरची गाठ घट्ट केली. दार ढकलून बाहेर पडताना मनस्विनीला त्या भांड्यातल्या मांसाचा आणि कांद्याचा वास आला होता. आपण कुणाला तरी बरं वाटेल असं वागलो, म्हणून बसमध्ये ती जरा खुशीत होती.

फोनमध्ये जिबेक तिचं नाव घेत होती. मनस्विनीने "नंतर करते" एवढंच म्हणून फोन ठेवला. ती सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली. झेरॉक्सचं यंत्र कागदामागून कागद सोडत होतं. दोन मुली अभ्यासिकेतून उतरल्या, तिच्या बाजूने अंग चोरून निघून गेल्या.

वरून सरांचा आवाज येत होता. "माझी स्वतःची मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. आधी मी माझी मुलगी पाठवली..." मग दार उघडलं. सर जिन्याच्या कठड्यावरून वाकले.

"मनू? गेल्या ना त्या? ये गं वर, मंडळी थांबलीयत."

ती हलली नाही.

"मनू, येतेस ना?"

"बाबा," ती म्हणाली. आवाज वरपर्यंत पोचला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "बाबा, तुम्ही खाली या."

"अगं, लोक बसलेत."

"तुम्ही खाली या. मला काय होतंय ते तुम्हाला सांगायचंय."

कठड्यावर सरांचा हात होता, तेवढाच खालून दिसत होता. तो बराच वेळ तिथंच राहिला. मग सरांनी आतल्या मंडळींना काहीतरी सांगितलं, दार लोटल्याचा आवाज झाला, आणि बुटांचा आवाज सावकाश, एकेका पायरीवर थांबत, खाली येऊ लागला.